सकाळपासून एकही घंटा नाही

वृद्धाश्रमातल्या सिस्टर लोकांनी त्याचं नाव 'तात्पुरते' ठेवलं होतं. ऐकायला अगदी आडनावासारखं वाटतं, त्यामुळे नव्याने लागलेल्या एका मुलीने पहिल्याच दिवशी "तात्पुरते सर, प्रिंटर चालत नाहीये" असं त्याच्या तोंडावर म्हटलं आणि बाकीच्या भिंतीकडे तोंड करून हसत सुटल्या. तो रागावला नाही. नाव काही खोटं नव्हतं. कुठलंही यंत्र बंद पडलं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: "तात्पुरतं चालू करून देतो, मग बघू." ते 'मग' सहसा यायचं नाही, कारण तात्पुरतं केलेलं काम चांगलं चालायचं.

घरीही तोच कारभार. नळाच्या चावीला दोरा, खिडकीच्या कडीला तार, स्कूटरच्या आरशाला चिकटपट्टी. बायको पाहुण्यांना सांगायची, "आमचं लग्नसुद्धा यांनी तात्पुरतंच केलंय. फक्त मुदत वाढवत गेले." पाहुणे हसायचे, तोही हसायचा आणि हसता हसता दोऱ्याची गाठ घट्ट करून यायचा.

लोकांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा त्याचा धंदा. नोकरी कोणाचीच नाही, पण दोन दवाखाने, एक शाळा, एक छापखाना, एक वकील आणि हा वृद्धाश्रम एवढ्यांची मशीन त्याच्या जिवावर चालायची. यातल्या कोणालाच सॉफ्टवेअर विकत घ्यायला आवडत नसे. खुर्ची घेतली तर दिसते, तिच्यावर बसता येतं. सॉफ्टवेअरसाठी एवढे पैसे मोजून हातात काय येतं, असं वकीलसाहेबांनी त्याला एकदा स्वच्छ विचारलं होतं. त्यावर त्याने शोधलेला तोडगा म्हणजे चाचणी आवृत्ती. सर्व्हरवर चालणारी बहुतेक मोठी सॉफ्टवेअर त्यांच्या कंपन्या काही काळ फुकट वापरायला देतात. वापरून बघा, पटलं तर घ्या. हा वापरून बघायचा. मुदत संपत आली की सगळा डेटा बाजूला काढायचा, मशीन पुसायचं, तेच सॉफ्टवेअर पुन्हा पहिल्यापासून घालायचं आणि डेटा परत जागेवर ठेवायचा, की नवी मुदत सुरू. कोणी हटकलंच तर म्हणायचा, "आजमावायला दिलंय ना? आपण आजमावतोय." वर्षानुवर्षं आजमावत होता बिचारा.

याची किंमत मात्र त्याचं पोट मोजत होतं. ज्याचं सगळं मुदतीवर चाललंय त्याला स्वस्थ बसता येत नाही. कुठल्या मशीनची मुदत कधी संपते ते त्याच्या डोक्यात असायचं आणि त्यातली एखादी जवळ आली की जेवण उतरायचं नाही. चार दिवस कुठे फिरायला जाऊ म्हटलं तर त्या चार दिवसांत कोणाची तरी तारीख निघायचीच. चहात चमचा तो किती वेळ ढवळतो यावरून बायकोला अंदाज यायचा. "कोणाचं संपतंय?" ती विचारायची. तो म्हणायचा, "छापखान्याचं." किंवा, "शाळेचं." वृद्धाश्रमाचं संपत असलं की तो काहीच बोलायचा नाही, चमचा नुसता फिरत राहायचा.

कारण वृद्धाश्रमात घंटा होती. आणि त्याची आई.

घंटेची व्यवस्था अशी होती. प्रत्येक पलंगाला वायरने लटकवलेलं एक बटण, आणि प्रत्येक न्हाणीघरात ओढायची दोरी. आतलं माणूस बटण दाबतं, बटणावर लाल दिवा लागतो, आणि खालच्या मजल्यावर सिस्टर बसतात तिथल्या स्क्रीनवर त्या खोलीचा आकडा लाल होऊन घंटा वाजते. मधला सगळा निरोप जिन्याखालच्या कपाटातल्या एका मशीनमधून जायचा, आणि त्या मशीनवर घंटेचं सॉफ्टवेअर होतं, अर्थात चाचणीचं. पहिल्यांदा ते बसवलं तेव्हा त्याने खरोखरच तात्पुरतं बसवलं होतं. वृद्धाश्रम चालवणाऱ्या मॅडमना तो म्हणाला होता, "सहा महिने फुकट आहे. तोवर चालवून बघा, मग विकत घेऊ." मॅडम म्हणाल्या, "बघू पुढच्या बैठकीत." पुढच्या बैठकीत गच्चीची गळती निघाली, त्यापुढच्या बैठकीत लिफ्ट. मॅडम काही कंजूष बाई नव्हत्या. त्यांच्यापुढे रोज दहा गोष्टी बंद पडलेल्या असायच्या, आणि घंटा तर चालू होती.

दुसऱ्यांदा विचारावं असं त्याच्या मनात खूपदा आलं. पण मधल्या काळात वडील गेले, आईचे गुडघे गेले, जिना चढणं संपलं, आणि मॅडमनी आपण होऊन तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली निम्म्या शुल्कात दिली. "तुम्ही आमच्यासाठी एवढं करता," असं म्हणाल्या. त्या दिवसापासून त्याची जीभ जड झाली. ज्यांनी आईला खोली दिली त्यांच्याकडे पैशांचा विषय कुठल्या तोंडाने काढायचा? उद्या त्या म्हणाल्या की मग सवलतही बंद करू, तर? असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. पण त्याने मनातल्या मनात त्यांच्या तोंडून ते इतक्यांदा ऐकलं होतं, की खरोखर ऐकल्यासारखंच झालं होतं.

तेव्हा दर सहा महिन्यांनी मशीन पुसायचा दिवस उजाडायचा. सिस्टर लोकांना ते अंगवळणी पडलं होतं. दुपारची जेवणं झाली की तो जिन्याखाली मांडी घालून बसायचा, मोठ्या सिस्टर टाळी वाजवून सांगायच्या, "चला गं, घंटा बंद. खुर्च्या घ्या," आणि सगळ्याजणी व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसायच्या. कोणी हाक मारली की लगेच आत. आजी-आजोबांना तो दिवस फार आवडायचा. दारातून माणसं दिसायची, गप्पा व्हायच्या. तासाभरात त्याचं काम आटोपायचं, घंटा वाजून बघायची आणि खुर्च्या परत जायच्या.

आता स्क्रीनवरच्या एका पट्टीबद्दल. चाचणीचं सॉफ्टवेअर गप्प बसत नाही. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात ते सतत सांगत असतं की इतके दिवस शिल्लक. सिस्टर बसतात त्या स्क्रीनवरही ते दिसायचं. एक दिवस वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई औषध विचारायला आल्या, चष्मा वर करून त्यांनी ती ओळ वाचली आणि थंडपणे विचारलं, "एवढे दिवस शिल्लक. कोणाचे गं?"

हसावं की रडावं कोणाला कळेना. अशा घरात असल्या ओळीची चर्चा व्हायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत दोघातिघांनी येऊन कोपऱ्यात डोकावून पाहिलं. शेवटी मोठ्या सिस्टरनी जखमेला लावायच्या चिकटपट्टीचा एक तुकडा फाडला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यावर चिकटवून टाकला. तो आल्यावर म्हणाल्या, "दादा, चालेल ना?" तो म्हणाला, "चालेल की. तारीख माझ्या डोक्यात असते." आणि ती असायची, हेही खरं.

या खेपेला एवढंच झालं की कंपनीने जुनी आवृत्ती बंद केली. त्याने नवी उतरवली. घालताना नियमांचं लांबलचक पान समोर आलं, ते त्याने नेहमीसारखं न वाचता खाली ढकललं आणि 'मान्य' वर बोट ठेवलं. घंटा वाजली, खुर्च्या परत गेल्या; कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघायची सवय त्याला राहिली नव्हती. त्याने डोक्यात सहा महिने मोजून तारीख टाकली आणि त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला. बायकोने विचारलं, "संपलं वाटतं कोणाचं तरी टेन्शन?" तो म्हणाला, "सहा महिने बघायला नको."

साधारण महिना गेला. एका छोट्या इस्पितळाला तशीच घंटा हवी होती. सकाळी नाश्ता करून तो तिकडे गेला, तेच नवं सॉफ्टवेअर घातलं, चालू केलं. या स्क्रीनला कोपऱ्यात पट्टी नव्हती. तिथे लिहिलेलं होतं: तीस दिवस शिल्लक.

आधी त्याला हसू आलं. म्हटलं, चूक दिसतेय यांची, सहा महिने लिहायचे तर तीस दिवस लिहिलेत. मग त्याने ते नियमांचं पान उघडून वाचलं, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. चूक नव्हती. नव्या आवृत्तीची मुदत एका महिन्यावर आणली होती, आणि खाली अजून एक ओळ होती: मुदत संपल्यावर सूचना पाठवणं थांबेल.

त्याने वृद्धाश्रमात मशीन कधी पुसलं ते आठवायला सुरुवात केली. त्या दिवशी लिफ्टवाला आला होता. आईची डोळ्यांची तपासणी होती, तिने डोळ्यांत थेंब घातले म्हणून त्याला नीट पाहिलंही नव्हतं. म्हणजे सोमवार. म्हणजे... तो बोटांवर मोजत गेला. पुन्हा मोजलं. काहीही केलं तरी मोजणी आजवरच येऊन थांबत होती. मुदत मध्यरात्रीच संपली असणार.

त्याने वृद्धाश्रमात सिस्टरच्या टेबलावरचा फोन लावला. ती नवी मुलगी बोलली, तिचा आवाज एकदम मजेत होता.

"दादा, तुम्ही? बोला ना."

"काही नाही, सहज. सगळं ठीक ना? घंटा वगैरे?"

"अहो, आज तर कमालच आहे. सकाळपासून एकही घंटा नाही. आम्ही म्हणतोय, सगळी मंडळी आज शहाण्यासारखी झोपलीत. मोठ्या सिस्टर कपाटं लावायला बसल्यात, एवढा निवांतपणा."

"स्क्रीनवर काय दिसतंय?"

"सगळं हिरवं."

हिरवंच दिसणार. निरोप येणंच थांबलं तर लाल कशाने होणार? आणि तिकडे खोल्यांमधून बटणावरचे लाल दिवे लागतच असणार, कारण तो दिवा बटणातल्या सेलवर चालतो. दाबणाऱ्याला वाटणार, निरोप पोचला. खाली वाटणार, कोणाला काही नको आहे.

इथे त्याच्या हातून जे झालं ते सांगायलाच हवं. तो म्हणाला, "बरं, मी जरा तिकडे चक्कर टाकतो," आणि त्याने फोन ठेवला. बॅग उचलली, जिना उतरला, स्कूटरपाशी आला. मनात हिशेब चालू होता की वीसेक मिनिटांत पोचू, सरळ जिन्याखाली जाऊन बसू, कोणाला कळायच्या आत मशीन चालू करू. मॅडमच्या कानावर जायचं कारणच नाही. आजवर निभावलं तसं हेही निभावेल. किल्ली लावेपर्यंत तो हाच विचार करत होता. मग त्याच्या डोळ्यांपुढे एका हाताचा अंगठा आला, बटणावर दाबलेला, कोणाचा ते कळत नव्हतं, आणि त्याने किल्ली काढून घेतली.

त्याने पुन्हा फोन लावला.

"ऐक. घंटा बंद आहे. सकाळपासून बंदच आहे. सगळ्याजणी उठा आणि एक-एक खोली बघा. न्हाणीघरंसुद्धा. आत्ता."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला आणि फोन तसाच टेबलावर पडून राहिला.

रस्त्यात प्रत्येक सिग्नल लाल लागला असं त्याला वाटलं, पण तसं काही नसणार. डोक्यात खोल्या फिरत होत्या. वरच्या मजल्यावरचे दम्याचे आजोबा, बटण उशीखाली धरून झोपणारे. साखर कमी होऊन मधेच गळून जाणाऱ्या आजी. आणि आई. आईचा त्याने सगळ्यात शेवटी विचार केला, म्हणजे तो विचार येऊ नये म्हणून बाकीच्यांना पुढे काढत राहिला. आई बटण फार दाबत नसे. सकाळी एकदाच, न्हाणीघरात जायला हात हवा असायचा तेव्हा. "उगाच सारखं दाबू नकोस, त्यांना कामं असतात," हे तिला त्यानेच सांगितलं होतं, ती इथे आली त्याच आठवड्यात.

फाटकातून आत शिरला तेव्हा व्हरांड्यात स्ट्रेचर होतं आणि त्यावर कॅशियर आजोबा. बँकेतून निवृत्त झालेले, अत्यंत टापटिपीचे. नोटा मोजायची सवय बोटांना इतकी लागलेली की वर्तमानपत्राची पानंसुद्धा तशीच उलटायचे. सकाळी अंघोळीला गेले आणि घसरले. दोरी हाताला लागली होती. ती त्यांनी इतक्यांदा ओढली की वरची कडी निखळून दोरी हातात आली. तशीच ती त्यांच्या मनगटाला गुंडाळलेली होती. मांडी सुजून पाय बाहेरच्या बाजूला वळला होता. शुद्धीवर होते, गारठले होते, दोन पांघरुणं घातली तरी दात वाजत होते.

"मी ओढत होतो," ते मोठ्या सिस्टरना पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यात तक्रार नव्हती. आपण नियमाप्रमाणे केलं, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

मोठ्या सिस्टर रडत नव्हत्या, पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "आम्ही खाली बसून कपाटं लावत होतो, दादा," त्या म्हणाल्या. "हसत होतो आम्ही." त्याला वाटलं, यांनी आपल्याला शिव्या द्याव्यात, चार लोकांत द्याव्यात. रुग्णवाहिका आली तशा त्या स्ट्रेचरमागे गेल्या.

तो कोपऱ्यातल्या खोलीकडे गेला. चालत गेला, पळायची हिंमत झाली नाही.

आई पलंगावर टेकून बसली होती. ती नवी मुलगी तिची चादर बदलून ओली चादर बादलीत टाकत होती. मुलीने त्याच्याकडे पाहिलं नाही, बादली उचलून निघून गेली. आईने धुतलेला गाऊन घातला होता आणि केस ओल्या हाताने सारखे केले होते. आयुष्यभर चारचौघांत नीटनेटकी राहिलेली बाई. सकाळी बराच वेळ तिने धरून ठेवलं होतं, मग नाही धरता आलं.

"दार लोटून घे," ती म्हणाली.

त्याने दार लोटलं. तिने त्याला जवळ बसायची खूण केली आणि आवाज अगदी खाली आणला, भिंतीपलीकडे जाऊ नये एवढा.

"या महिन्याचे पैसे भरायचे राहिलेत का रे?"

त्याला काही कळेना. "कसले पैसे?"

"माझे. इथले. अरे, सकाळपासून बटण दाबतेय, दिवा लागतोय, पण कोणी येईना. पलीकडे पायांचा आवाज येत होता, हसण्याचा येत होता. मग माझ्या लक्षात आलं. म्हटलं, तुझी ओढाताण असेल, राहिले असतील भरायचे. त्यांनी तरी किती दिवस करायचं? मग मी दाबणं बंद केलं. ओरडले असते तर बातमी झाली असती, आणि तुला सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली असती." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "जमत नसेल तर सांग. मी घरी येते. जिन्याचं बघू काहीतरी."

कॅशियर आजोबांचा पाय बघून जे झालं नव्हतं ते आता झालं. तो आईच्या पांघरुणात तोंड घालून रडला. ती पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि तिला वाटत होतं की तो पैशांमुळे रडतोय.

मग त्याने सांगितलं. सगळं, पहिल्यापासून: फुकटची मुदत, दर सहा महिन्यांनी मशीन पुसणं, न वाचलेलं पान, स्क्रीनवरची पट्टी, आणि मॅडमना विचारायला का घाबरत होता तेही. आईला सर्व्हर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण मुलगा कशी वेळ मारून नेतो ते तिला तो शाळेत होता तेव्हापासून माहीत होतं. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे पैसे भरायचे राहिले होते खरेच," ती म्हणाली. "माझे नाही, त्या घंटेचे."

"हो."

"आणि बाकीच्यांनाही असंच काहीतरी वाटलं असेल. प्रत्येकाला आपापलं. जा, आधी त्यांना सांगून ये."

एकही खोली सोडली नाही त्याने. दारात उभं राहून तो सांगायचा, घंटा बंद होती, माझ्या चुकीने बंद होती, सिस्टरना कळलंच नाही. दम्याच्या आजोबांना वाटलं होतं, परवा आपण जेवणावरून कुरकुर केली त्याचा राग धरलाय. साखरेच्या आजींना वाटलं होतं, आज कोणी कामावर आलंच नाही. मास्तरीणबाई कठोरपणे म्हणाल्या, "मला काहीच वाटलं नाही. मी शेजारणीला हाक मारली, तिने बिस्किटं दिली." मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "पण वाजली असती तर आल्या असत्या ना?" तो हो म्हणाला. त्यांनी ते त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

मॅडम रुग्णालयातून परतल्या, तोवर ही बातमी त्याच्या आधी त्यांच्या खोलीत पोचली होती. त्यांनी त्याला बसायला सांगितलं नाही.

"हाड मोडलंय," त्या म्हणाल्या. "शस्त्रक्रिया करावी लागणार. त्यांच्या मुलीला आता मी काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

"ते सांगेनच. मला एवढंच कळत नाही, तुम्ही मला एकदा तरी सांगितलं होतंत का, की हे विकत घेतलं नाही तर घंटा बंद पडेल?"

त्याने आठवून पाहिलं. तो 'चालतंय तात्पुरतं' म्हणाला होता. 'बघा पुढच्या बैठकीत जमलं तर' असंही म्हणाला होता. त्या प्रश्नाचं सरळ उत्तर नाही असंच होतं, आणि तेच त्याने दिलं.

"गच्ची गळते ते मला दिसतं," मॅडम म्हणाल्या. "हे मला कसं दिसणार? तुम्ही दर वेळी चालू करून देत होतात." त्यांनी चष्मा काढून डोळे दाबले. "आज मागवा. काय लागेल ते मागवा."

इतक्या वर्षांची धास्ती एका वाक्यात निकालात निघाली होती, आणि त्याला जराही हलकं वाटलं नाही. कंपनीला फोन केला तर ते म्हणाले की पैसे पोचून परवाना यायला उद्याची दुपार होईल. तोवर त्या मशीनवर पुन्हा चाचणी घालून बघितली, पण नव्या आवृत्तीने मशीन ओळखलं आणि साफ नकार दिला. त्याने ते मॅडमना तसंच सांगितलं, 'तात्पुरतं' हा शब्द न वापरता.

निघताना तो दारात अडखळला. "मॅडम, आईची खोली..."

"त्याचं आत्ता नका विचारू," त्या म्हणाल्या. "बघू पुढच्या बैठकीत."

संध्याकाळी व्हरांड्यात पुन्हा खुर्च्या मांडल्या. मोठ्या सिस्टरनी पाळ्या लावल्या आणि त्याच्याकडे न बघता एक खुर्ची तळमजल्याच्या मधोमध ठेवली. "ही तुमची. परवाना येईपर्यंत." बायकोला फोन करून त्याने काय झालं ते सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "स्वेटर घेऊन येते." नेहमीचं टोमणा मारणं तिने त्या दिवशी टाळलं, आणि ते त्याला फार लागलं.

या खेपेला कोणाला गप्पा नको होत्या. दारं उघडी होती, पण आतून फक्त नजरा यायच्या, माणूस खुर्चीत आहे की नाही ते बघायला. एका आजींनी पाणी मागितलं. एका आजोबांनी दिवा लावायला सांगितला, मग घालवायला सांगितला, मग पुन्हा लावायला सांगितला. तो दर वेळी उठला. कॅशियर आजोबांची खोली रिकामी होती. तिचं दार कोणीतरी ओढून घेतलं होतं आणि तिकडे पाठ होईल अशी खुर्ची त्याला फिरवता येत नव्हती.

थोड्या वेळाने कोपऱ्यातल्या खोलीतून हाक आली. फार मोठी नाही, पहिल्यांदा तर त्याला भास वाटला. मग पुन्हा आली, त्याच्या नावाने. तो उठून गेला.

"काय हवंय, आई?"

आई भिंतीकडे कूस करून पडली होती. ती वळली नाही.

"काही नको," ती म्हणाली. "हाक मारली की कोणी येतं का, ते बघितलं."